जुन्या टी-शर्टांची गोधडी

आज गोधडीविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, गोधडी आम्हाला कुणी शिकवायची? खरं आहे. ऐकणाऱ्या निम्म्या जणींचा टाका माझ्यापेक्षा सरळ असेल. पण आजची गोधडी लुगड्यांची नाही, जुन्या टी-शर्टांची आहे. आणि लुगड्यावर बसलेला आपला हात टी-शर्टवर थोडा फसतो. कुठं फसतो, का फसतो आणि अशा गोधडीचे पैसे किती मागायचे, एवढंच आज सांगते.

घरातली पेटी उघडून बघा. मऊ सुती नऊवारी किती निघतील? सासूबाईंची एखादी, आईची एखादी. धोतर तर जवळजवळ गेलंच. आपल्या साड्या आता नायलॉनच्या, जॉर्जेटच्या. त्यांची गोधडी अंगावरून घसरते, घाम टिपत नाही, उन्हाळ्यात नकोशी होते. उलट टी-शर्ट मात्र घरोघरी ढिगानं. कबड्डीच्या स्पर्धेचा, गणपती मंडळाचा, खताच्या कंपनीनं वाटलेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा. निवडणूक झाली की आणखी चार. आमच्या गटातल्या एकीनं घरासाठी शिवलेल्या गोधडीत एका पक्षाच्या शेजारी दुसरा पक्ष आला आणि खाली तिसरा. घरातले म्हणतात, आमची युती रोज रात्री होते. घरात हे चालतं. विकायच्या गोधडीत मात्र पक्षाचं चिन्ह घेऊ नका. ती बाजू आत घाला आणि कोरी पाठ वर घ्या.

आता कापडाकडे येऊ. साडी मागावर होते. तिच्यात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना धरून बसलेले असतात. म्हणून साडी उभी ओढा, आडवी ओढा, फारशी हलत नाही. टी-शर्टचं कापड, ज्याला आपण होजिअरी म्हणतो, ते स्वेटरसारखं फासात फास अडकवून केलेलं असतं. स्वेटर कसा आडवा ओढला की पसरतो, तसंच हे, फक्त फास इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून टी-शर्ट अंगाला येतो, आणि म्हणूनच गोधडीत त्रास देतो. कापला की कडा गुंडाळतात. शिवताना हाताखाली वाढतो. सुरुवातीला चौकोन असतो, शेवटी पतंग होतो. धुतल्यावर टाके एकीकडे आणि फुगलेलं कापड एकीकडे.

याला उपाय एकच, आणि तो आपल्या घरातच आहे. टी-शर्टच्या प्रत्येक तुकड्याला पाठीमागून न ताणणारं कापड द्यायचं. जुनी सुती चादर, फाटलेला परकर, वापरून विरलेली साडी, काहीही चालेल. पण ते मागावरचं सुती कापड हवं. शहरात यासाठी चिकट अस्तर वापरतात. शिंपी कॉलरला इस्त्रीनं चिकटवतात ना, तसंच, पण पातळ. त्याला फ्युजिंग म्हणतात. अमेरिकेत टी-शर्टच्या गोधड्या पुष्कळ होतात. मुलाचं शाळा-कॉलेज संपलं की त्याच्या टी-शर्टांवरची चित्रं जोडून आई गोधडी करते किंवा करून घेते. तिथं सर्रास हे चिकट अस्तर लावतात. त्यानं काम सोपं होतं, यात वाद नाही. पण विकत आणावं लागतं आणि गोधडीला थोडा कडकपणा येतो. मला स्वतःला जुन्या चादरीचं अस्तर जास्त आवडतं. अंगावर घेतल्यावर ते मऊ लागतं आणि पैसे पडत नाहीत.

कापड निवडताना सुती कोणतं आणि पॉलिस्टर कोणतं ते आधी बघा. खेळाचे चकचकीत टी-शर्ट बहुतेक पॉलिस्टरचे असतात. ओळखता येत नसेल तर शिवणीच्या आतला छोटा धागा काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे चुलीजवळ, पोरं लांब ठेवून करा. पॉलिस्टरचा एखादा चौकोन मोठ्यांच्या गोधडीत चालून जाईल. बाळाच्या दुपट्यात मुळीच नको.

सगळे टी-शर्ट आधी धुऊन वाळवा. ही पायरी गाळायचा मोह होतो, कारण कपडे स्वच्छच दिसतात. पण सुती कापड पाण्यात आकसतं, एखादा रंगही सोडतं. जे व्हायचं ते आधीच होऊ द्या. मग इस्त्री. छापील चित्रावर थेट इस्त्री ठेवलीत तर रबरासारखी छपाई वितळून इस्त्रीला चिकटेल, चित्रही गेलं आणि इस्त्रीही. उलट्या बाजूनं फिरवा, आणि चित्राच्या खाली एक सुती फडकं ठेवा.

मापाचं आता नीट ऐका. हाताशी कागद असेल तर लिहून घ्या. आपण चार फूट रुंद, सहा फूट लांब गोधडी धरू. चौकोन शिवून झाल्यावर १२ इंचांचा हवा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणून कापायचा १३ इंचांचा. १३ इंचांचा पुठ्ठा कापून ठेवा. पुठ्ठा ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, मग कापायचं. रुंदीत चार चौकोन, लांबीत सहा, म्हणजे एकूण २४. मोठ्या माणसाच्या टी-शर्टच्या छातीतून एक आणि पाठीतून एक असे दोन चौकोन निघतात. म्हणजे १२ टी-शर्ट पुरतात. लहान मुलाच्या टी-शर्टमधून १३ इंच निघत नाहीत. तिथं कडेनं दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून माप पुरं करा. बाह्या आणि उरलेले तुकडे फेकू नका, आडव्या पट्ट्या कापून ओढल्या की गुंडाळून त्याची दोरी होते. पायपुसण्याला ती उत्तम.

टी-शर्ट कापताना तो टांगून किंवा हातात धरून कापू नका. सपाट जमिनीवर पसरा, हातानं ओढून सरळ करू नका, आहे तसा पडू द्या. अस्तराचा चौकोनही १३ इंचांचाच कापा. अस्तर खाली, त्यावर टी-शर्टचा चौकोन सुलटा, आणि चारी कडांनी कच्चा टाका. मधूनही एक उभा, एक आडवा. इतकं केलं की टी-शर्टचा स्वभाव बदलतो. तो साडीसारखा वागायला लागतो.

सुई बारीक घ्या. जाड आणि धारदार टोकाची सुई होजिअरीचा फास तोडते. मग त्या भोकातून धागा सुटत जातो, बायकांच्या मोज्यांना जशी धार जाते तसा. मशीनवर जोडत असाल तर दुकानात बॉल पॉइंट सुई मागा. तिचं टोक गोलसर असतं, ते फास न तोडता दोन फासांच्या मधून जातं. साध्या मशीनला ती बसते. चौकोन एकमेकांना जोडताना हातानं शिवत असाल तर दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घाला, म्हणजे जोड ओढला तरी दोरा तुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या आज्या गोधडी काठापासून शिवत आत येत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात. त्यासुद्धा काठापासून सुरू करून फेऱ्या घेत मध्यावर येतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचं फूल लावतात. फूल नसेल तर कवंदी अपुरी मानतात. सुती कापडावर ही रीत सुंदर चालते. पण टी-शर्टच्या गोधडीत काठापासून आत आलात, तर कापड प्रत्येक ओळीला थोडं थोडं पुढं सरकत जातं आणि शेवटी मध्यावर फुगा उरतो. त्या फुग्याला मग जायला जागाच नसते. म्हणून ही गोधडी मधून सुरू करायची आणि बाहेर जायचं. पहिली ओळ बरोबर मध्यावर, लांबीत. मग एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे. जे काही वाढेल ते काठाकडे जाईल आणि काठाला कापून टाकता येईल.

आमच्या गटातल्या एक मावशी, गोधडी शिवण्यात चाळीस वर्षं गेलेल्या, त्यांना हे पटेना. म्हणाल्या, "काठ आधी बांधला नाही तर गोधडी पळंल." आम्ही दोन छोटी दुपटी शेजारीशेजारी शिवली, एक त्यांच्या रीतीनं, एक मधून. दोन्ही धुतली. दोरीवर टाकली तेव्हा त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कापड बदललं की हात बदलावा लागतो का काय!" तरी त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतंच. काठ मोकळा सोडला तर गोधडी पळतेच. म्हणून मधून शिवायला घेण्याआधी सगळे थर एकत्र कच्च्या टाक्यानं टाचून घ्यायचे. जमिनीवर तळाचं कापड पसरा, कोपऱ्यांवर वरवंटा, वीट, जे असेल ते ठेवा. त्यावर हवी तर एखादी साडी, त्यावर जोडलेले चौकोन. वीतभर अंतरानं मोठे टाके घाला. त्यात अर्धा दिवस जातो, पण तो वाचवू नका. आणि थर वाढवू नका. होजिअरी पाणी फार पितं. चार थर घातलेत तर ओली गोधडी विहिरीवरून उचलून आणायला दोघी लागतील.

ओळींमधलं अंतर दोन बोटं, म्हणजे साधारण दीड इंच. चार फुटांत ३२ ओळी होतात. शेवटी काठाला सुती पट्टी लावा, टी-शर्टची नको. ती लाटांसारखी होते.

इथपर्यंत हाताचं काम झालं. आता पैशाचं. इथं आपण बायका जिभेनं फार मऊ होतो.

एका ओळखीच्या बाईंनी शहरातून आमच्याकडे काम आणलं. टी-शर्ट त्यांचे, शिवण आमची. किती द्याल विचारलं तर म्हणाल्या, "पाचशे देते की. कपडे तर माझेच आहेत, आणि तुम्ही दुपारी बसूनच असता." गटातल्या दोघी हो म्हणायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा, आधी मोजू. एक गोधडी घड्याळ लावून शिवली. इस्त्री आणि कापणं तीन तास. अस्तर टाचणं आणि चौकोन जोडणं सहा तास. सहा फुटांची एक ओळ घालायला सरासरी २५ मिनिटं, अशा ३२ ओळी, म्हणजे तेरा तासांच्या वर. काठ लावायला दोन तास. बेरीज झाली २४ तास. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवस. थर टाचायचा अर्धा दिवस तर आम्ही यात धरलाच नाही.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. तीन दिवसांचे ८९१. दोरा, तळाचं कापड आणि काठ यांचे आमच्याकडे २०० रुपये पडले. झाले १०९१. त्यात गटाच्या खात्यासाठी १०० धरले आणि गोधडीची किंमत १२०० ठरवली. त्या बाईंच्या पाचशेतून सामानाचे २०० वजा केले तर उरतात ३००. ते २४ तासांना भागा. तासाला साडेबारा रुपये. खुरपायला गेलेली बाई एवढ्यावर बांधावर तरी उभी राहील का?

हा हिशेब आम्ही कागदावर लिहून त्या बाईंपुढे ठेवला. त्यांना राग आला, आणि काम परत नेलं. ते खरं आहे, लपवायचं काय? पण महिन्यानं त्यांच्याच नात्यातली एक मुलगी आली आणि १२०० देऊन दोन गोधड्या घेऊन गेली. हा आकडा काही देवानं लिहिलेला नाही. तुमच्या गावची मजुरी वेगळी असेल, हात जलद असेल. पण एक गोधडी तरी घड्याळ लावून शिवा. दुपारी "बसूनच" असताना गेलेले तास एकदा कागदावर दिसू द्या.

पैशाचाच आणखी एक प्रसंग आहे, आणि त्याचं उत्तर इतकं सरळ नव्हतं. शेजारच्या गावातून एक बाई आल्या. मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. पिशवीत त्याचे १२ टी-शर्ट. "याची गोधडी करून द्याल का?" एवढंच म्हणाल्या.

गटात कुजबुज झाली. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाकावेत, पाण्यात सोडावेत, असं आपल्याकडे मानतात. त्यावर गोधडी शिवून पांघरायची म्हणजे काहींना बरोबर वाटेना. मी कुणाला गप्प केलं नाही. ज्यांना हात लावायचा नाही त्यांनी लावू नये, असं ठरलं. पण मावशीच म्हणाल्या, "आई गेल्यावर तिच्या लुगड्याची गोधडी आपण सगळ्यांनी पांघरलीय. तवा कुणाला काही झालं?" त्यावर कुणी बोललं नाही.

मला तेव्हा वाचलेलं आठवलं. अमेरिकेत १९८७ साली, एड्सनं माणसं मरत होती आणि त्यांचं नाव घ्यायलाही लोक घाबरत होते, तेव्हा क्लीव्ह जोन्स नावाच्या कार्यकर्त्यानं एक गोधडी सुरू केली. गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा तीन फूट बाय सहा फुटांचा एक तुकडा, साधारण कबरीएवढा. आया, भाऊ, मित्र यांनी ते शिवले. कितीतरी तुकड्यांत त्या माणसाचे कपडेच लावलेले, टी-शर्टसुद्धा. त्याच ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर १,९२० तुकडे पसरले. आज ते ५०,००० च्या आसपास आहेत. हे मी गटाला सांगितलं. अमेरिकेचं नाव ऐकून कुणाचं मत बदललं असं नाही, पण दुसरीकडच्या आयांनीही असंच केलं, एवढं कळलं.

त्या बाईंची एकच अट होती. एक टी-शर्ट धुवायचा नाही. त्याला अजून वास होता. आम्ही सांगितलं, न धुतलेला लावला तर पहिल्या धुण्यात तो आकसेल आणि शेजारचे चौकोन ओढेल. आणि गोधडी कधीतरी धुवावी लागणारच. त्यांनी तो टी-शर्ट पिशवीतून काढून परत पदराखाली घेतला. उरलेल्या अकरांचे २२ चौकोन झाले. दोन कमी पडत होते, तिथं त्यांच्याच एका सुती साडीचे लावले. कापण्याआधी सगळे टी-शर्ट जमिनीवर मांडून त्यांना दाखवले. कोणतं चित्र हवं, कुठं हवं, ते त्यांनी हातानं सरकवून ठरवलं. कबड्डीचा सात नंबर त्यांना मध्यावर हवा होता. सिमेंटचे डाग पडलेला एक आम्ही बाजूला ठेवला होता, तो त्यांनी उचलून सातच्या शेजारी ठेवला. दुसऱ्याचे कपडे घेऊन गोधडी करणार असाल तर हा नियमच करा. मालकिणीनं मांडणी बघून हो म्हटल्याशिवाय कात्री लावायची नाही. साडी फाटली तर दुसरी मिळते. हे कापड दुसरं मिळत नाही.

पैसे घ्यायचे का, यावर दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, अशा माणसाकडून कसे घ्यायचे? मी म्हटलं, तीन दिवस शिवणाऱ्या तिघींच्या घरीही चूल आहे. बाईंनीच प्रश्न सोडवला. "फुकट नको. दोन हप्त्यांत देते." दिले. शिवणाऱ्यांपैकी एकीनं स्वतःचा वाटा परत नेऊन दिला. तो तिचा प्रश्न. गटानं मात्र हिशेबात पूर्ण रक्कम लिहिली.

शेवटी धुण्याचं सांगते, कारण विकलेली गोधडी तक्रारीनं परत येते ती बहुतेक धुण्यावरून. गार पाण्यात, साध्या साबणात भिजवा. पिळू नका, दाबून पाणी काढा. एका दोरीवर टांगू नका. ओल्या होजिअरीच्या वजनानं गोधडी लांबते आणि टाके ताणतात. खाटेवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, छपाई खाली आणि पाठ उन्हाला. गोधडी विकताना हे तोंडी सांगाच, आणि जमलं तर चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुना टी-शर्ट, तेवढंच जुन्या चादरीचं कापड, बारीक सुई आणि १३ इंचांचा पुठ्ठा घेऊन बसा. एकेक चौकोन तिथंच टाचून होईल. तो ओढून बघा, हलतो का. हलला नाही तर पुढचे २३ घरी करता येतील.